तीन मिस कॉल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. डबल बेडची चादर, ड्रायरमधून नुकती काढलेली, गरम. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मी नेहमीसारखी उलटी घडी घालत होतो आणि ती नेहमीसारखी ओरडत होती.

"अहो, इकडे या माझ्याकडे. तिकडे कुठं चाललात चादर घेऊन?"

"मी मेल्यावर एकटीनं घालशील तेव्हा कळेल."

"तोंड आवरा. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"अमेरिकेतल्या वास्तूला मराठी कुठलं कळतंय?"

हसली. चादर कपाटात ठेवली. तासाभरानं चहा टाकायला गेली, ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही. मुलगा आणि सून ऑफिसात. मला ॲम्ब्युलन्सवाल्यांना इंग्रजीत पत्ता सांगता येत नाही, म्हणून मुलाला फोन लावला. तीनदा. तो मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन त्यानं तीन मिस कॉल बघितले आणि तिथूनच ॲम्ब्युलन्स पाठवली. डॉक्टर म्हणाले, आधी आली असती तरी फरक पडला नसता. मुलानं मला ते दोनदा समजावून सांगितलं. मला पटलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, वास्तूनं माझं ऐकलं, फक्त माणूस चुकवला.

मी चौथी शिकलेला माणूस. पुण्यात चाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक आलं की आधी दोष शोधायचा, हाच धंदा. ब्रेक गेलेत, चेन ढिली आहे, अशानं मरशील एखाद दिवशी, असं तोंडावर सांगायचो. दुकानात ते चाललं. बायको गेल्यावर तेच दुकान मी मुलाच्या घरात मांडलं. सून शिंकली की मला न्यूमोनिया दिसायचा. मुलगा सकाळी सातला गाडी काढायचा आणि कोपऱ्यावर वळला की माझ्या डोळ्यांसमोर गाडी उलटी. मुलाच्या या ईडन प्रेरी गावातला हिवाळा, रस्त्यावर बर्फ, विचाराला खाद्य कमी नाही. वर भीती अशी, की मी मनात आणलं म्हणजे ते होणारच.

मग फोन. आपल्याकडची जुनी रीत आहे, गावाला पोचलं की एक रिंग द्यायची आणि कट करायचं. म्हणजे सुखरूप. मी ती रीत उलटी केली. रिंग मी द्यायची आणि उलट रिंग मुलानं द्यायची, म्हणजे तो जिवंत. दिवसातून दहा-पंधरा वेळा. तो बिचारा देत राहिला. मला वाटायचं, मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

जानेवारीत एका संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला. रिंग दिली, कट केली. उत्तर नाही. पुन्हा दिली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दिली. तो गाडी चालवत होता. गाडीतल्या पडद्यावर त्याला माझे तीन मिस कॉल दिसले आणि त्यानं गाडी दामटली. रस्त्यावर न दिसणारं बर्फ होतं. गाडी गोल फिरली आणि कडेच्या खड्ड्यात गेली. त्याला खरचटलं फक्त. गाडी ओढून न्यावी लागली, सून जाऊन त्याला घेऊन आली.

आल्या आल्या त्यानं मला खांद्याला धरलं. "काय झालं होतं बाबा?"

"काही नाही. तू कुठवर आलास, एवढंच."

तो खुर्चीत बसला. "आईच्या वेळीपण तीनच होते. मला वाटलं, आता तुम्ही."

सून बूट काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबा, राग येऊ दे आला तर. तुम्ही याला सांभाळत नाही आहात. एक दिवस हा तुमच्या फोनपायी जाईल."

"मग मी काय करू? विचार येतात."

"येऊ देत ना. फोन नका करू."

बायको सोडली तर मला इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. खरं होतं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की खूण करायची, पंक्चर काढायचं आणि मोकळं व्हायचं. मी धड असलेली ट्यूब दिवसभर घमेल्यात बुडवत बसलो होतो. त्यात पोरगं गमावणार होतो, वास्तूमुळं नाही, माझ्या बोटामुळं.

त्याला आता दोन हिवाळे झाले. विचार बंद होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते येतात. आले की हातात काम असलं पाहिजे, एवढंच मला कळलंय. उठलो की अंथरूण मी आवरतो. दाढी रोज, कुणी येवो न येवो. कणीक मी मळतो. पहिल्यांदा सून कौतुक करायची, आता नावं ठेवते, म्हणजे जमायला लागली असावी. उन्हाळ्यात शेजारपाजारच्या सायकली गॅरेजमध्ये उघडून बसतो. मुलाला एकच फोन, दुपारी बाराला, तो जेवायला बसतो तेव्हा. परवाच राहवलं नाही, सव्वादहाला केला.

"बाबा, तुमचं घड्याळ पुढं गेलंय का?"

"गेलंय," म्हटलं आणि ठेवला. हरतो कधीकधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा.

पहिला दिवस मात्र फार जड गेला. खड्ड्यात गाडी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगतो. मुलगा सुनेची गाडी घेऊन निघाला. तिचं त्या दिवशी घरूनच काम होतं. मी माझा फोन तिच्या हातात दिला.

"बारापर्यंत मागितला तरी देऊ नकोस."

"आणि शिव्या दिल्यात तर?"

"देईन. तरी देऊ नकोस."

नऊच्या सुमारास मी मागितलाच. तिनं लॅपटॉपमधून मान वर न करता "नाही" म्हटलं. मी कोट चढवला, कानटोपी घातली, गॅरेजमधलं बर्फ काढायचं फावडं घेतलं आणि दारापासून रस्त्यापर्यंत बर्फ ओढायला लागलो. डोळ्यांसमोर गाडी उलटी दिसत होती. मी एक फावडं टाकलं. पुन्हा दिसली. पुन्हा टाकलं. पाठ भरून आली, नाक वाहायला लागलं, आमच्या दारातलं सगळं बर्फ निघालं. विचार काही निघाला नव्हता. बारा वाजायला अजून पाऊण तास होता.

मग मी शेजाऱ्याच्या दारातलं काढायला घेतलं.