फरशी सोडून निघालेल्या पेशी

"मॅडम, आजार एक की दोन?" सर्जन पाठक लॅबच्या दारातच उभे. "एकच असेल तर तो पसरायला लागलाय, स्वरयंत्र काढावं लागेल. दोन वेगळे असतील तर मानेची गाठ काढतो, घशाला रेडिएशन देऊ. आवाज वाचेल."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. द्वारका चौकाजवळची माझी लॅब नवी होती आणि मी तिच्याहून नवी. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे शरीराचा तुकडा मेणात बसवून, त्याचे कागदाहून पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघणारा डॉक्टर. देवाच्या नजरेतून सुटलेलं मला दिसतं, असा माझा तेव्हा समज होता. त्या काळातला माझा फोटो बघून नात अजून हसते. चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा!

पेशंट रंगनाथ विंचूरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचा. व्यापाऱ्यांच्या कालव्यावर चढणारा आवाज आता घोगरा झालेला. बायको मंजुळा सोबत होती.

"मॅडम, आवाज गेला तर हे काय करतीन? घरात बी लिलावच पुकारत्यात."

"पहिली बोली हिचीच असती," रंगनाथ घरघरला.

घशाच्या तुकड्यात पेशी फरशीसारख्या होत्या, एकीला एक घट्ट चिकटलेल्या. घशाचा नेहमीचा कॅन्सर असाच दिसतो. मानेच्या गाठीतल्या मात्र लांबुळक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, नदीतल्या वाम माशासारख्या. कुणी कुणाला चिकटलेली नाही.

"दोन आजार," मी जाहीर केलं. एका माणसाला एकाच वेळी दोन कॅन्सर, म्हणजे दुर्मीळ केस. डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ती मांडताना साडी कुठली नेसायची, हेही ठरवून टाकलं.

"लेखी द्या," पाठक म्हणाले आणि गेले.

लेखी द्यायचं म्हटलं की माणसाला शहाणपण सुचतं. मी फक्त तुकड्याचा मधला, नीटस भाग बघितला होता. म्हणून मेणातून आणखी खोल काप घेतले.

भर दुपार होती. बाहेर द्वारका चौकातले हॉर्न. पण डोळा नळीला लावला की आवाज लांब जातात. स्लाइड सरकवत कडेला गेले. तिथे फरशी उखडत होती. एक पेशी अर्धी चौकोनी, अर्धी ताणलेली. शेपूट अजून शेजारणीला चिकटलेलं, तोंड बाहेर. तिच्यापुढची पूर्ण लांबुळकी. त्यापुढची एकटीच. सगळ्या कधीच्या मेलेल्या, वर मीच रंगवलेल्या. तरी वाटलं, मी बघतेय म्हणून त्या थांबल्या आहेत.

मग गाठीचे खोल काप घेतले. वामींच्या त्या गर्दीत मधेच एक छोटं बेट होतं. फरशीचं. मानेत पोचल्यावर काही पेशींनी पुन्हा जुनं रूप घेतलं होतं, एकीला एक चिकटून संसार थाटला होता. घशाचा तुकडा जणू मानेत उगवला होता. माझा हात आपोआप माझ्याच मानेवर गेला.

पुस्तकात वाचलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. या पेशींना हलायचं तर आधी चिकटपणा सोडावा लागतो. मुक्कामी पोचल्यावर काही पुन्हा चिकटतात. खात्रीसाठी मुंबईला खास रंग लावायला काप पाठवले. घशाच्या आतल्या अस्तराच्या पेशींतलं एक प्रथिन त्या रंगाने तपकिरी दिसतं. लांबुळक्याही तपकिरी निघाल्या. सोंग वेगळं, कूळ तेच.

पाठकांना फोन केला. "एकच आहे."

"मागच्या आठवड्यात दोन म्हणत होतात?"

"मागच्या आठवड्यात मी हुशार होते."

स्वरयंत्र काढलं. रंगनाथ वाचला, आवाज गेला.

पुढे बऱ्याच दिवसांनी दोघं लॅबमध्ये आले. त्याच्या गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर पांढरं फडकं होतं. त्याने माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून माझी बोटं दाबली. एक, मग दोन, मग पुन्हा एक. मी दचकले. त्याने भुवई उडवून विचारल्यासारखं केलं, म्हणून मी मान हलवली.

मंजुळा खदखदून हसली. "भिऊ नका. बैलबाजारात दलाली करत्यात आता. तिथं भाव असा कापडाखाली बोटांनीच ठरतो, तोंड लागतच नाय. तुम्ही गोऱ्हा घेतला बघा!"

गोऱ्हा अजून पोचलेला नाही. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक स्लाइड कडेपासून बघत आले. मधोमध सगळेच सभ्य दिसतात.