विहिरीवरची किल्ली

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. "साहेब, मी तानाजी बोलतोय, भास्करसरांचा बारका भाऊ. आवं, दादा गेला सकाळी..." पुढचं मी नीट ऐकलं नाही. भास्करराव गेले हे मनात उतरण्याआधी मला एकाच गोष्टीचं नवल वाटत राहिलं, की हे सांगायला तानाजीरावांनी फोन केला. या दोन भावांत कित्येक वर्षं शब्द नव्हता.

भास्करराव सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत आणि मी तिथला ग्रंथपाल होतो. तास संपला की ते ग्रंथालयात येत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत आणि एखादं पुस्तक उघडण्याआधी मला टोमणा मारत. "ग्रंथपाल, लढायांना तुम्ही अख्खं कपाट दिलंय आणि तहांना एक फळी. तीही खालची." मी म्हणायचो, "वाचक मागतात ते वर ठेवावं लागतं." त्यावर ते मनापासून हसत. "राज्यकर्तेही नेमकं हेच म्हणतात!" नेते बोलणी सोडून युद्ध का निवडतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, पण वर्गात दरवर्षी तो नव्याने मांडला. बोलणी करायला बसलेल्या माणसाला काहीतरी सोडून उठावं लागतं, ते म्हणत, आणि तो ते सोडत असताना त्याच्याच बाजूची माणसं बघत असतात. युद्धात त्याहून कितीतरी जास्त जातं, पण ते दुसऱ्यांच्या घरातून जातं. शिवाय प्रत्येकाला वाटत असतं की समोरचा लवकर नमेल. माझं त्यांच्याशी पूर्ण पटत नसे. समोरचा खरोखरच बोलायला तयार नसेल तर काय, असं मी विचारायचो. "तयार नाही हे त्याला विचारून ठरवलंत की लांबून बघून?" एवढंच ते म्हणत.

निवृत्तीनंतर ते इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. वाटणी झाल्यापासून बांधावरून भावाशी बिनसलेलं होतं. तानाजीराव फौजेतून परतून शेती बघत होते आणि त्यांचा मुलगाही फौजेत होता. जमीन वाटली गेली तरी विहीर सामाईक, मोटार एक आणि मोटारीच्या पेटीच्या कुलपाला किल्लीही एकच. पाणी पाळीनं. ज्याची पाळी संपेल त्यानं विहिरीवरच्या खोपीच्या चौकटीला, खिळ्यावर किल्ली अडकवायची आणि निघून जायचं. तो लांब गेला की दुसऱ्यानं येऊन ती घ्यायची. हा नियम कुणी घातला हे भास्कररावांनाही आठवत नव्हतं. पण इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नाही, हे ते जरा अभिमानानेच सांगत.

मध्यंतरी सीमेवर तणाव वाढला होता तेव्हा सांगलीतल्या एका वाचनालयानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय अर्थातच तोच. ते नेहमीसारखे संथ बोलले. शेवटी मागच्या रांगेतला एक तरुण उठला. "सर, बोलणी-बिलणी समदं ठीक हाय, पण तुमच्या घरातलं कोण हाय का बॉर्डरवर?" हशा पिकला. भास्कररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आहे. सख्खा पुतण्या आहे," ते म्हणाले. "त्याची खुशाली मला गावातल्या दुकानदाराकडून कळते. कारण त्याच्या बापाशी मी बोलत नाही... बांधावरून." मग थोडं पाणी प्यायले आणि आभार मानून खाली बसले.

व्याख्यानानंतर स्टँडवर त्यांच्या एसटीची वाट बघताना मी म्हणालो, "मग जा की उद्या त्यांच्याकडे." ते समोरच्या रसवंतीकडे बघत म्हणाले, "जाईन हो. पण मी पहिल्यांदा गेलो की गाव म्हणणार, सरांनी बांध कबूल केला." "केलात तर काय जाईल?" "एक सरी," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. "एका सरीत ऊस तो किती येणार..." गाडी आली. पंधरवड्यानं त्यांचा फोन आला तेव्हा मी विचारलं. वर्गातल्यासारख्या आवाजात उत्तर आलं, "प्रयत्न केला. समोरचा पक्ष उपस्थित राहिला नाही." त्यानंतर आमचं बोलणं झालं ते प्रकृतीबद्दल. मग तेही राहिलं.

दहाव्याला मी गावी गेलो. नदीवरून परतल्यावर तानाजीराव मला रानात घेऊन गेले. विहिरीपाशी थांबून म्हणाले, "दादा एकदा हितंच हुबा हुता. किल्ली हातात धरून. पाळी संपलेली, तरी अडकवंना. मी त्या उसाच्या कडंला. म्हनलं, आता बांधाचं काढतंय बघ. पलीकडं भांगलणीच्या बाया, समद्या माना वर करून बघत्यात. त्यांच्यापुढं कोन वाकडं बोलून घेणार? मी आपला उसात बसून ऱ्हायलो. लय येळ हुबा हुता. मग अडकवली आन् गेला."

"ते बांधाचं बोलायला आले नव्हते," मी म्हणालो.

"व्हय..." ते म्हणाले. "किल्ली हातात द्याया आलता. मला ते तवाच कळाय पायजे हुतं."

भास्कररावांच्या मुलीनं, ती पुण्याला असते, तिच्या वाटणीचं रानही काकांनाच बघायला सांगितलं आहे. परवा मी पुन्हा जाऊन आलो. तानाजीरावांनी मोटार बंद केली, पेटीला कुलूप लावलं आणि सवयीनं खोपीकडे वळले. आता दोन्ही रानांना पाणी देणारे तेच आहेत. "किल्ली खिशातच ठेवा की," मी म्हणालो.

"न्हाई, साहेब. उद्या पाळी दादाची हाय."

त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि मागं न बघता, नेहमीच्या वाटेनं, लांब निघून गेले.