अर्ध्या बोटाचं माप

माझी मोठी जाऊ टेप लावल्याशिवाय कुणाचं माप घेत नाही. "नजरेनं माप घेणारा शिंपी आणि ऐकीव गोष्टीवर भांडणारी बाई, दोघांचंही शेवटी उसवतं," असं ती म्हणते, आणि म्हणताना नेमकी माझ्याकडे बघते.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती एकतीस वर्षं कापणीच्या टेबलाशी उभी आहे. कापडाचे आठ थर एकावर एक, वर पुठ्ठ्याचा नमुना, कडेनं खडूची रेघ, आणि मग ती पोलादी कात्री, जी मला एका हातानं धड उचलवतसुद्धा नाही. एक कापणी चुकली की आठ शर्ट एकदम वाया. जाऊबाईंचे आजवर किती गेले ते मी मागच्या वर्षी विचारलं, तर ती म्हणाली, "एकदा. तेव्हा मला गोवर आलेल्या पोराची काळजी होती." म्हणजे तेही तिनं लक्षात ठेवलंय.

मग तिचा उजवा हात जळायला लागला. तिखट लागल्यासारखी आग व्हायची, मध्येच बोटं बधिर पडायची. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची, आणि मी विचारलं की म्हणायची, "काही नाही, मुंग्या आल्यात." एके दिवशी कात्री हातातून निसटली आणि आठ थरांमधून तिरकी गेली. मालकीण वाईट नाही, पण तिलाही धंदा आहे. तिनं जाऊबाईंना काज-बटणाच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "नव्या वर्षाचे गणवेश कापायला घेईपर्यंत हात बरा झाला तर टेबल तुमचंच, ताई. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

त्या दिवशी घरी आल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाली, "बटणं लावणं काही हलकं काम नाही. पण माझं नाही ते."

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आमच्या भागातल्या दवाखान्यात ते एकटेच, आणि नसांची तपासणी करायची तर मोठ्या रुग्णालयात त्यांच्या चिठ्ठीशिवाय कुणी दारात उभं करत नाही. डॉक्टरांनी जाऊबाईंच्या हाताकडे पाहिलंही नाही. टेबलापलीकडून विचारलं, "वय?" ती म्हणाली, "त्रेपन्न." "मग होणारच," म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. वाटाण्याच्या अक्षता घेऊन आम्ही बाहेर.

गोळ्या संपल्या, आग तशीच. दुसऱ्या खेपेला जाऊबाईंनी नीट सांगायचा प्रयत्न केला. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, आणि करंगळीशेजारच्या बोटाचा अर्धा भाग. करंगळी ठणठणीत.

डॉक्टर हसले. "अर्धं बोट? अहो बाई, अर्धं बोट दुखतं का कधी कुणाचं? नसा काय पट्टी लावून आखलेल्या असतात?" मग आवाज खाली आणून, "घरात काही टेन्शन आहे का?" असं विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. जणू टेन्शन म्हणजे मीच!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर खोचणार, तेवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट धरलं, त्याच दुखऱ्या हातानं. कागदावर ते काहीतरी लिहीत होते. तिनं तो उलटा असतानाच वाचला. नमुन्यांवरचे आकडे उलटे वाचायची तिला सवय आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, "मानसिक ताण, असं लिहिलंय त्यांनी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"भांडून माप मिळत नाही," ती म्हणाली. "त्यांनी नजरेनं घेतलंय. आपण टेपनं घेऊ."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या ती खिडकीशी बसायची. डोळे मिटायची, आणि मी सुईच्या बोथट टोकानं तिची बोटं थोडी थोडी टोचत जायची. "लागतंय." "लागतंय." "नाही." जिथे 'नाही' येई तिथे खडूची खूण. कंटाळून मी एकदा दोन-चार जागा तशाच सोडल्या, तर डोळे मिटलेले असूनही तिनं मला पकडलं. पंधरा दिवस हा उद्योग चालला. रेघ रोज तिथेच यायची, करंगळीशेजारच्या बोटाच्या बरोबर मधोमध. मला तोवर ते अर्धं बोट खरं वाटत नव्हतं, हे आज कबूल करते.

मग तिनं अस्तराच्या पांढऱ्या कापडाचा हातमोजा शिवला. आग होते तिथे लाल दोरा, बधिर पडतं तिथे काळा. करंगळी कोरी. आणि त्या एका बोटाच्या मधोमध सरळ शिवण, एका बाजूला लाल-काळं, दुसऱ्या बाजूला पांढरं. बधिर बोटांनी शिवलेला, तरी टाका न् टाका सारखा. शिवताना दोनदा रडली. दुखलं म्हणून नाही. "पूर्वी हे एका दुपारचं काम होतं गं," म्हणाली.

तिसऱ्या खेपेला तिनं मोजा टेबलावर ठेवला. "डॉक्टर, हे माझं दुखणं. पंधरा दिवस मोजलंय. तपासणीची चिठ्ठी दिल्याशिवाय मी उठणार नाही. तुमचे बाकीचे पेशंट बाहेर उभे आहेत, ते थांबतील. मीही थांबेन."

आणि खरंच बसून राहिली. हातावर हात ठेवून, शांत. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि एकदाची चिठ्ठी लिहिली. खाली पुस्ती जोडली: 'रुग्णाच्या समाधानासाठी.' मी फणफणले. जाऊबाई म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं. चल."

मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताला तारा लावल्या, बारीक झटके दिले, पडद्यावरच्या रेघा बघितल्या. मग मोजा हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा केला.

"हे कुणी काढून दिलं तुम्हाला?"

"कुणी नाही. माप घेतलं."

"मावशी, या बोटावर दोन नसांची हद्द आहे," त्या म्हणाल्या. "अर्धं बोट एकीचं, अर्धं दुसरीचं. तुमची मधली नस मनगटात दाबली गेलीय. अर्धं बोट हीच तर तिची खूण." अंगठ्याखालचा उंचवटा चेपून बघत पुढे म्हणाल्या, "इथलं मांस झिजायला लागलंय. आणखी सहा महिने थांबला असतात, तर कात्री कायमची सुटली असती."

ऐकून मला रडू आवरेना. जाऊबाईंनी विचारलं, "आता काय करायचं?"

मनगटाचं छोटंसं ऑपरेशन झालं. आग पहिल्याच आठवड्यात गेली, जोर यायला अडीच महिने लागले. नव्या वर्षाचं कापड टेबलावर पडलं तेव्हा आठ थर कापायला जाऊबाईच उभी होती. मालकिणीनं आधी चार थरच लावले होते. जाऊबाईंनी आणखी चार मागून घेतले.

इतकं झाल्यावर मी म्हटलं, सुटलो. पण पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात. मी खूश. आज तरी चार गोष्टी सुनवायला मिळणार म्हणून वाटेत वाक्यं जुळवत होते.

तिनं अहवाल टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला, पुन्हा वाचला. "बरं झालं, कळलं ते," म्हणाले, माझ्या मते फार हळू.

"माझा कागद काढा," जाऊबाई म्हणाली. "त्यावर मानसिक ताण लिहिलंय. ते खोडा."

"अहो, आता त्याला काय अर्थ..."

"उद्या मी कशासाठीही आले, तरी तुम्ही आधी तेच वाचाल. खोडा."

कागद शोधायला वेळ लागला. डॉक्टरांनी ते दोन शब्द खोडले आणि शेजारी सही केली. जाऊबाईंनी उलटं वाचून खात्री करून घेतली.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

तिनं डावा हात टेबलावर ठेवला. "यात आठवड्यापासून मुंग्या येताहेत. या खेपेला हात लावून बघा."

 डॉक्टर खुर्ची मागे सरकवून उठले आणि टेबलाच्या अलीकडे आले.