आबांची खिळे ठोकलेली पानं

आमच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. बंद पडलेल्या प्रिंटरवर धूळ साठते तसे ते आपोआप साठतात. फडकं मारलं की शिंकच येते!

दुकान कराडात. पूर्वी छापखाना होता, तेव्हा मी शिशाची उलटी अक्षरं जुळवायचो. सातवीत शाळेनं मला सोडलं, त्यामुळं उलटी अक्षरं मला सुलट्यांपेक्षा बरी वाचता येतात. आता मालक आबा वेबसाइटी करतात. मी प्रूफं वाचतो, चहा सांगतो आणि सगळ्यांच्या खोड्या काढतो. पगार फक्त पहिल्या दोन कामांचा.

आबांची पद्धत सोपी. लग्नपत्रिका करायच्या जुन्याच सॉफ्टवेअरात पान मांडायचं, माऊसनं चौकटी ओढायच्या आणि ‘एक्स्पोर्ट’ दाबायचं. झाली वेबसाइट! मग कॉम्प्युटर प्रत्येक चौकटीला खिळे ठोकतो. इतकी रुंद, इतकी उंच, जागचं हलायचं नाही.

शैला आमच्याकडची शिकलेली, इंजिनिअर. ती कपाळाला हात लावायची. “आबा, आधी सांगा, हा मथळा, हा मजकूर, ही नावांची यादी. हे झालं पानाचं अंग. रंग, आकार, कुणी कुठं बसायचं, हे कपडे. ते वेगळ्या फाइलीत ठेवा. मग कॉम्प्युटरवर एक कपडे, मोबाईलवर दुसरे. अंग तेच!”

आबा म्हणायचे, “पोरी, गिऱ्हाईक कपडंच बगतंय. अंगाला कोन इचारतंय?”

आणि दारातल्या बाकड्यावर शेजारच्या गावचे, फौजेतले हवालदार तात्या कांबळे. पेन्शनर. त्यांचा धाकटा भाऊ भीमराव ड्यूटीवर गेला तो तिरंग्यातच परत आला. गावानं शहीद जवानांचं दगडी स्मारक केलं, त्यावर नावं कोरली. भीमरावाचं नाही. विचारलं तर, “जागा पुरली न्हाई.” मग स्मरणिका छापली. पुन्हा तेच, “जागा पुरली न्हाई.” आता गावचे पुढारी, आमचे साहेब, त्याच जवानांची वेबसाइट काढणार होते आणि काम आमच्याकडं होतं. तात्या तेवढ्यासाठी येऊन बसायचे.

“नाना, हितं तर जागा पुरंल न्हवं?”

“तात्या, वेबवर जागेला काय सातबारा लागतोय?” मी म्हटलं.

तात्या हसले नाहीत.

*

आबा मथळा मधोमध आणायला स्पेसबार बडवत बसतात. एकदा ते जेवायला गेले आणि मी त्यांच्या पडद्यावरची अक्षरं गुपचूप दोन घरं मोठी केली. आल्यावर बघतात तर मथळ्याचं मुंडकं एका ओळीवर, धड दुसऱ्या ओळीवर!

“व्हायरस! कुनीतरी करनी केलीया!” आबा ओरडले आणि मॉनिटरला लिंबू-मिरची बांधून मोकळे झाले.

शैलानं मुकाट्यानं अक्षरं पूर्ववत केली. मग मथळाही नीट बांधून दिला, म्हणजे अक्षरं कितीही वाढवा, तो मधोमधच राहील.

आबा म्हणाले, “बगा, लिंबाचा गुन!”

शैलाचा पगार तोच राहिला. लिंबू मात्र दर शनिवारी नवं येतं.

*

पाचगणीचा एक लॉजवाला. त्याच्या खोल्यांचे दर आबांनी अख्ख्या पानाचा फोटो करून चढवले. पडद्यावर काय दिसायचं! पाठीमागं स्ट्रॉबेरी, वर सोनेरी अक्षरं. मोबाईलवर बघाल तर स्ट्रॉबेरीला मुंग्या लागलेल्या.

महिन्याभरानं लॉजवाल्याचा फोन. “आबा, गिऱ्हाईक इचारतंय, रूमबरोबर भिंग देताय का!”

“मग द्या की,” आबा म्हणाले. “कॉम्प्लिमेंटरी!”

*

कुपवाडच्या एका कारखान्याचं पाळीपत्रक केलं होतं. डावीकडं कामगाराचं नाव, पार उजवीकडं त्याची पाळी. पानाची रुंदी एवढी की मोबाईलवर ते बोटानं ओढावं लागायचं. पाळी दिसली की नाव पळायचं, नाव धरावं तर पाळी गायब. दोघं जण एकमेकांच्या पाळीला हजर झाले. मोटरसायकली रस्त्यात एकमेकींना ओलांडून गेल्या, दोघांनी हातसुद्धा केला.

कारखान्याच्या साहेबानं दोघांचाही खाडा मांडला. त्यातला एक आमच्या दुकानात येऊन म्हणाला, “आबा, नाव माझंच वाचलं व्हतं. पाळी शेजाऱ्याची निगाली.”

आबांनी त्याला चहा पाजला. खाडा काही निघाला नाही.

तात्या बाकड्यावरून म्हणाले, “नाव दिसलं ना? मग तक्रार कसली करतोय गड्या?”

*

मग आमच्या साहेबांनी पक्ष बदलला. इकडं त्याला कुणी बातमी म्हणत नाही, हवापालट म्हणतात. पण त्यांच्या जुन्या वेबसाइटचा रंग बदलायचा होता आणि आबांच्या एक्स्पोर्टनं रंग ओळीओळीत कालवलेला. शैला म्हणाली, “वेगळ्या फाइलीत असता तर एका जागी बदलला असता.” आबा ओळ न ओळ हातानं रंगवत बसले. मान आखडली. तरी तळातली एक ओळ जुन्याच पक्षात राहिली.

आबांनी घाबरत फोन केला. “साहेब, येक वळ ऱ्हायलीया. आत्ता बदलतो.”

साहेबांनी कुठली ओळ ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. माघारी जायचं झालं तर?”

*

आता जवानांचं पान. साहेबांचं फर्मान आलं, “माझा फोटो वर. नावांची चौकट फोटोएवढीच उंच. जास्त न्हाई.” आबांनी तशीच चौकट आखली, खिळे ठोकले, एक्स्पोर्ट दाबलं. यादी दगडावरच्याच क्रमानं आलेली. भीमरावाचं नाव आम्ही शेवटी जोडलेलं. चौकट संपली आणि भीमराव तिच्याखाली गेला.

तात्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले.

शैला म्हणाली, “तात्या, नाव फाइलीत हाय. फक्त चौकटीखाली झाकलं गेलंय.”

“म्हंजी हाय, पर दिसत न्हाई?”

“व्हय.”

“मग बराबर केलंय की,” तात्या म्हणाले. “गावातबी तसंच हाय.”

खोडी काढायची सोडून मी प्रूफाचे कागद सारखे करत बसलो.

शैला उठली. “आबा, हे पान मी पुन्हा करते. साहेबांचा फोटो कॉम्प्युटरवर वर दिसंल, सांगितलाय तेवढाच मोठा.”

“दिसला पायजे हां!”

“दिसंल.”

ती लिहीत होती तेव्हा मी मागं उभा होतो. तिनं आधी यादी लिहिली. जो आधी गेला त्याचं नाव आधी. म्हणजे पहिलाच भीमराव. त्याखाली एकेकाची माहिती, फोटो, घरच्यांच्या आठवणी. साहेब अगदी तळाला. मग कॉम्प्युटरच्या कपड्यांच्या फाइलीत एक ओळ टाकून साहेबांना उचलून वर बसवलं. मोबाईलच्या फाइलीत ती ओळ टाकलीच नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहा सांगायला गेलो. जन्मभर खोड्या काढल्या, पण इतकी देखणी खोडी माझ्या हातून कधी झाली नाही.

*

ते पान आता शोधायला जाऊ नका. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी उतरवलं. साहेबांचं काम दुकानातून गेलं आणि शैलाही गेली. आबांनी घालवली म्हणा.

पण उद्घाटन झालं! ग्रामपंचायतीच्या हॉलात पडदा लावला. साहेबांनी बटण दाबलं. वर साहेब, हात जोडलेले, खाली नावं. टाळ्या. आबांनी मान एवढी ताठ केली की आखडल्याचं विसरले.

मग निवेदक म्हणाला, “आता सर्वांनी आपापल्या मोबाईलवर उघडा!”

अख्ख्या हॉलनं माना खाली घातल्या. पहिल्यांदा एक म्हातारी बोलली, “भीमा हाय ह्यो! आमच्या वस्तीतला भीमा!” मग कुजबुज. माणसं भीमरावाचा फोटो मोठा करून बघायला लागली, अक्षरं वाढवून त्याची माहिती एकमेकांना वाचून दाखवायला लागली.

साहेबांच्या सौभाग्यवती अंगठ्यानं पान सरकवत होत्या. “आवं,” त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या, “तुमी कुठं हायसा ह्यात?”

साहेबांनी मोबाईल हातात घेतला. सरकवला. नावं. आणखी सरकवला. जवान. आणखी सरकवला. कुणाची तरी आई.

“आबा!” साहेब गरजले. “माझा फोटो कुठाय?”

आबांना घाम फुटला. त्यांनी शैलाकडं बघितलं, शैलानं छताकडं.

मागच्या रांगेतून तात्या उठले. टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या.

“खाली बगा, साहेब,” ते म्हणाले. “वर जागा पुरली न्हाई.”