नानांची हजेरी

लग्नानंतर नव्या सुनेला कुलदैवताला नेतात. मला माझ्या सासऱ्यांनी स्मशानात नेलं. दिवस पंधरा ऑगस्टचा, अंगावर शालू, आणि मागून सासूबाईंचा आवाज, "अवो, पोरीचा हिरवा चुडा तरी बगा." पण ऐकतील तर ते नाना कसले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस.

निरगुडसरच्या नदीकाठच्या स्मशानभूमीत दोन चौथरे आहेत, दोन्ही नानांच्या पलटणीतल्या गाववाल्यांचे. नामदेव सीमेवर गोळी लागून गेला. सखाराम पेन्शन घेऊन गावी आला आणि मधुमेहानं गेला. गावाचा हार फक्त नामदेवच्या चौथऱ्यावर पडायचा आणि ते नानांना मुळीच खपायचं नाही. "गोळीनं जावा न्हाईतर साखरंनं," ते म्हणत, "वर्दी एकच व्हती."

म्हणून दरवर्षी झेंडावंदन उरकलं की आमचं अख्खं घर तिकडे निघे. नाना आम्हाला रांगेत उभं करत, नखं तपासत आणि मग हजेरी घेत. हजेरी मेलेल्यांची, उत्तर जिवंतांनी द्यायचं. नामदेवच्या नावाला माझा नवरा 'हजर' म्हणे. सखाराम माझ्या वाट्याला आला. पहिल्या वर्षी मी लाजून नुसतीच पुटपुटले, तर नाना म्हणाले, "सूनबाई, एवढ्या हळू बोललीस तर सखाराम गैरहजर लागंल." मग मी शालू सावरून अशी ओरडले, की पलीकडच्या शेतातला माणूस खुरपं टाकून बघत राहिला. शेवटी दोन्ही चौथऱ्यांवर जिलेबी ठेवायची. साखरेनं गेलेल्याला जिलेबी कशी, असं मी एकदा विचारलं. "आता काय व्हनार हाय त्याला?" म्हणत नानांनी त्याच्यापुढे आणखी एक ठेवली.

सासूबाई कधीच आल्या नाहीत. बाईमाणसानं तिकडे जायचं नसतं, हे त्यांचं पक्कं. आम्ही परतलो की त्या दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या असत. नाना त्यांना कडक सलाम ठोकत आणि सासूबाई त्या सलामावरच बादली रिकामी करत. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा म्हणे करवलीनं पुरा केला होता.

शेवटच्या आजारपणात नानांना ना घराची काळजी होती, ना शेताची. घोर एकच होता. "माज्या मागं पुकारनार कोन?" ते मला म्हणाले. "तुमी उत्तर देता, त्ये सोपं हाय. आन् पुकारलं न्हाई, की मानूस गैरहजर धरत्यात." मला फार वाईट वाटलं, पण तसा आवाज माझ्याकडे नव्हता आणि माझ्या नवऱ्याकडे तर नव्हताच.

नानांच्या दहाव्याला त्याच नदीकाठी पिंड ठेवले. कावळे लिंबावर बसून होते, एकही खाली येईना. आईला सांभाळीन म्हणून नवऱ्यानं हात जोडले. भावकीतल्या एकानं तर बांध कोरल्याचं घाईघाईनं सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं. तरी कावळे ढिम्म. गुरुजी घड्याळ पाहू लागले आणि दर्भाचा कावळा करू म्हणाले.

तेव्हा दहाव्यासाठी बायकांबरोबर काठावर बसलेल्या सासूबाई उठल्या. पदर खोचून चौथऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हाला रांगेत यायला सांगितलं. त्यांनी नामदेवला पुकारलं. नवरा 'हजर' म्हणाला. सखारामला पुकारलं. मी रडत होते, पण मोठ्यानं 'हजर' म्हणाले. मग त्यांनी नानांसारखे पाय जुळवले.

"हवालदार किसन."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्या नावाला उत्तर द्यायला आमच्यात कुणाला नेमलेलंच नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच उत्तर दिलं.

"हजर."

लिंबावरून कावळा उतरला. सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "औंदा जिलेबी जास्ती आन. ह्यांचं एकीवर भागत न्हाई."