दुसरं कुर्रर्र

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खायचे तेही आत्यानेच. भाचीच्या बारशाला मी दोन्ही कामं जीव ओतून केली. माझं 'कुर्रर्र' ऐकून पाळण्याभोवतीच्या बायका दचकल्या. बाळ मात्र गाढ झोपलेलं. "आत्यावर गेलीय, कुणाचं ऐकणार नाही," असं मीच मिरवलं.

पुढे कळलं, तिला खरंच फार कमी ऐकू येतं. पोटात असतानाच तिला आईकडून सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग झाला होता. डॉक्टर भावजयीला म्हणाले, "तुम्हाला साधा तापही जाणवला नसेल. यात तुमची काही चूक नाही." तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं. "ताई, तिला स्वतःचं नाव तरी ऐकू येईल ना?" एवढंच ती मला विचारत राहायची.

भाची नुकती चालायला लागली होती. श्रवणयंत्रं बसवायच्या दिवशी गंगापूर रोडवरच्या क्लिनिकात आम्ही सगळे हजर. यंत्रं लावून झाल्यावर तिथली मुलगी म्हणाली, "आता तिला हाक मारा. ओरडू नका, नेहमीच्या आवाजात."

"हिचा नेहमीचा आवाज निफाडला ऐकू जातो," भाऊ म्हणाला.

मी लक्षच दिलं नाही. पदर खोचला, भाचीच्या कानाशी वाकले, हाताचा आडोसा केला, "कुर्र..." आणि कुईंईं! यंत्रानेच शिट्टी मारली. मी टुणकन मागे उडाले. भाची खुदकन हसली. पण शिट्टी ऐकून हसली की माझा चेहरा बघून, कुणालाच कळेना.

"अहो आत्या, कानाजवळ हात नेला की ते शिट्टी मारतं! तिच्या मागे जाऊन उभ्या राहा," क्लिनिकातली मुलगी म्हणाली.

कायम सगळ्यांच्या मधोमध उभी राहणारी मी, गुपचूप दारापाशी गेले. भावजयीने माझा हात घट्ट धरला. नाव निघालं ते इतकं हळू, की माझं मलाच नवल वाटलं.

भाचीच्या हातातला ठोकळा थांबला. मान वळली. थेट माझ्याकडे.

भावजय रडतही होती, हसतही होती, आणि तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बारशाचे सगळे धपाटे फिके पडले. मागोमाग आईचा. भाऊ कशाला मागे राहतोय! ते बघून भाची दुडुदुडु आली, माझ्या गुडघ्यावर एक चापट दिली आणि वर बघत थांबली.

मी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा चापट.

बाहेर पेशंट खोळंबले होते. पण आमचं बारसं आता कुठे रंगात आलं होतं.