मेथीच्या वाफ्यातला फोटो

घोडेगावपासून जरा आत आमचं वावर आहे. वडील गेल्यावर ते आईनंच पिकवलं. तिची मेथी चांगली व्हायची, बारीक पानाची, कोवळी. मी तालुक्याच्या कचेरीत कंत्राटावर कामाला. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर जुड्या बांधायला बसायची.

पुण्याहून एक तरुण मुलगा गाडी घेऊन यायला लागला. शेतकऱ्याची भाजी थेट सोसायट्यांत आणि हॉटेलांत पोचवायची, असा त्याचा धंदा. गावातल्या आठ-दहा बायांनी गट केला, त्यात आईही होती. भाजीच्या प्रत्येक खोक्यात तो एक कार्ड टाकायचा. कार्डावर भाजी पिकवणारीचा फोटो आणि पूर्ण नाव. आईचं कार्ड छापून आलं तेव्हा तिनं ते धान्याच्या कोठीवर उभं करून ठेवलं. येईल त्याला दाखवायची.

थोड्याच दिवसांत मुलगा म्हणाला, "मावशी, तुमचा फोटो जरा काळपट आलाय. दुसरं कार्ड करू."

आईला ते पटलं. मला नाही. गाडीत माल भरताना मी त्याला गाठलं आणि खरं काय ते विचारलं. तो अवघडला, मग हळू आवाजात म्हणाला, "मला स्वतःला काही फरक पडत नाही हो ताई. पण आडनाव वाचून दोन-तीन काकूंचे फोन आले. आमच्याकडे नैवेद्याला जाते ही भाजी, म्हणाल्या. आता गिऱ्हाईकाशी मी वाद कुठे घालत बसू?"

आमचे आजोबा दीक्षा घेऊन बौद्ध झाले. ते आडनाव त्यांच्याही आधीपासूनचं.

दुसरं कार्ड शेजारच्या बागायतदारांच्या वहिनींचं करायचं ठरलं. त्यांच्या रानात सगळा ऊस. म्हणून फोटो आमच्या मेथीत काढायचा. वहिनी नथ घालून, नवं लुगडं नेसून आल्या आणि वाफ्यात बसल्या. तोंडावर सावली येत होती. मुलानं थर्माकोलचा पांढरा तक्ता आणला होता, तो त्यानं आईच्या हातात दिला. ऊन त्यावर पडून वहिनींच्या चेहऱ्यावर जावं म्हणून.

"जरा वर धर गं," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यात येतंय माझ्या."

आईनं वर धरला. बराच वेळ धरला. घरी आल्यावर तिनं कोठीवरचं कार्ड काढलं आणि चुलीत घातलं. जेवताना एवढंच म्हणाली, "मेथी तर आपलीच जातीया."

मग एका रविवारी सोसायटीतली माणसं शेत बघायला आली. टोप्या घातलेल्या बायका, पुरुष, सगळे हौसेनं आलेले. वहिनी त्यांना घेऊन थेट आमच्या वावरात शिरल्या आणि मेथी कशी पेरतात ते सांगू लागल्या. आई खाली बसून मेथी उपटत होती. एका बाईनं विचारलं, "या कोण?"

"आमच्याकडं कामाला आसतीया," वहिनी म्हणाल्या.

त्या बाईनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि आईपुढं धरला. आई उभी राहिली. हाताची माती झटकली.

"वावर माझं हाय," ती म्हणाली. "मेथी मी केलीया. ही बाई इथं फोटोपुरती आलती."

वहिनी हसल्या. "ऊन लागलंय तिला. कधीमधी आसं बोलती." पाहुणेही हसले. बिस्किटवाल्या बाईनं तर "अरेरे" म्हणून पाण्याची बाटली पुढं केली. आईनं ती घेतली नाही. "बाहेर व्हा माझ्या वावरातनं," ती म्हणाली. तेव्हा हसणं थांबलं. माणसं वाफे तुडवत बांधावर गेली.

त्याच संध्याकाळी गटातल्या बाया आमच्या दारात आल्या. ज्यांच्याबरोबर आई वर्षानुवर्षं खुरपायला गेली, त्याच. "तुझ्या एकटीपायी आमचं गिऱ्हाईक तुटलं तर?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "नाव न्हाई छापलं तर काय मरतीस का?" आईनं त्यांना आत या म्हटलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी आमच्याकडं थांबायची बंद झाली.

आठवड्यानं वहिनी बांधावर आल्या.

"दोन पाट्या मेथी दे. लोकं मागत्यात. फोटो तरी तुझ्याच वावरातला हाय."

"न्हाई," आई म्हणाली आणि वाकून कामाला लागली.

"आसं व्हय," वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आमच्या वावरात टेम्पो यायची वाट त्यांच्या रानाच्या कडेनं होती. दोन दिवसांनी त्यांनी ती नांगरून टाकली. मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "जमीन त्यांची हाय, ताई. आमी काय बोलणार?" तहसीलला अर्ज दिला आहे, अजून कोणी पाहणीला आलेलं नाही.

आता मेथी मंचरच्या बाजारात जाते. आई ओल्या बारदानात जुड्या बांधते. एक गठडी ती डोक्यावर घेते, एक मी. ढेकळांतून ओढ्याच्या कडेनं रस्त्यापर्यंत चालतो. बारदानाचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. वहिनी दारात उभ्या असल्या तर बघत राहतात. आई त्यांच्याकडं पाहत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवतो तेव्हा ती मला म्हणते, "पाय उचल गं."